इच्छास्वातंत्र्य : पाहा, खंड नववा

"सर, तुमच्याकडे वाचक आलाय," शिपाई दारात उभा राहून म्हणाला, आणि घरात साप निघाल्याचं सांगावं तसं त्यानं ते हळू आवाजात सांगितलं. सव्वीस वर्षं मी या ज्ञानकोशाच्या कार्यालयात तत्त्वज्ञान विभागाचा संपादक म्हणून खुर्ची झिजवतोय, आणि सव्वीस वर्षांत वाचक नावाचा प्राणी तीन जिने चढून वर आलेला मी पाहिला नव्हता. लेखक येतात, मुदत वाढवून मागायला. छापखान्याचा माणूस येतो, बोंब मारायला. वाचकाला आम्ही प्रस्तावनेत 'जिज्ञासू' म्हणतो आणि तिथेच वाऱ्यावर सोडतो. जिवंत वाचकाला बसायला सांगायचं असतं का, पाणी द्यायचं असतं का, मला काही ठाऊक नव्हतं. पण हा वाचक कोण ते मला ताबडतोब कळलं.

बारा दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं होतं. रेघांच्या कागदावर, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात. 'आपल्या ज्ञानकोशाच्या दुसऱ्या खंडात इच्छास्वातंत्र्य हा शब्द पाहिला. तिथे लिहिलं आहे, पाहा : नियतिवाद, खंड नववा. नववा खंड काढून घेतला. तिथे लिहिलं आहे, पाहा : इच्छास्वातंत्र्य, खंड दुसरा. मी दोनदा जाऊन आले. उत्तर कुठे आहे ते कळवावे.' बस, एवढंच. माणूस जे करतो ते स्वतःच्या मर्जीनं करतो की ते आधीच ठरलेलं असतं, या प्रश्नावर जुन्या मठांतल्या आणि विद्यापीठांतल्या लोकांनी सातशे वर्षं डोकी फोडली, आणि आमच्या कोशात त्याची ही वाट लागलेली. गेली अकरा वर्षं दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवत उभ्या होत्या आणि कुणा विद्वानाच्या बापाला पत्ता नव्हता. आता पत्र मुख्य संपादकांच्या हाती पडलं. आमचे मुख्य संपादक मुळात गुरांचे डॉक्टर. 'गोचीड' ही नोंद त्यांनी लिहिली, ती वर कुणाला तरी आवडली, आणि आज ते अख्ख्या मानवी ज्ञानाच्या उरावर बसलेत. त्यांनी मला बोलावून विचारलं, "हे गोल गोल काय चाललंय?" आणि आज सकाळी साडेदहाला मी माझा खुलासा त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. सहा ओळी. 'परस्परसंदर्भांच्या अंतिम तपासणीची जबाबदारी संदर्भकार्ड विभागाची असून, संबंधित कार्डावर त्या विभागाची सही आहे.' त्यात एक अक्षर खोटं नाही. संदर्भकार्ड विभाग म्हणजे एक बाई. माझ्यापासून आठ फुटांवर बसतात आणि या महिनाअखेर निवृत्त होतायत. आता त्या सेवापुस्तकात ठपका घेऊन घरी जातील, एवढंच.

बाईंना कार्यालयात सगळे चिकटपट्टी म्हणतात. नाव मीच ठेवलंय. कपाटात त्यांचे नव्वद खण, प्रत्येक खणात हजारभर कार्डं, प्रत्येक कार्डावर एक शब्द आणि तो शब्द कुठून कुठे पाठवतो त्याची नोंद. त्या बोटाला रबरी टोपी घालून दिवसभर कार्डं चाळतात आणि चाळताना ओठ हलवतात. मला त्या ओठांचा इतका तिटकारा आहे की मी माझं टेबल दोनदा फिरवून घेतलं. अकरा वर्षांपूर्वी नववा खंड छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी त्या दोन कार्डं हातात धरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "सर, हे इकडून तिकडे पाठवतंय, आणि तिकडचं परत इकडे. मजकूर मध्ये कुठेच नाहीये." मला ठाऊक होतं. ती ओळ मीच लिहिली होती, जाणूनबुजून, आदल्या दुपारी, जेवण झाल्यावर. मी मान वर न करता म्हटलं, "बाई, तत्त्वज्ञानात असंच असतं. सगळं वर्तुळच असतं. तुम्हाला नाही कळायचं. सही करा." बाईंनी दोन्ही कार्डं पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी सही केली.

"बसू का?" असं विचारून पत्रवाली बसलीसुद्धा. चाळिशीच्या आसपासची बाई, गळ्यात शिंप्याची मोजपट्टी तशीच राहिलेली, कुर्त्याच्या गळ्याशी तीन टाचण्या टोचलेल्या. घाईत निघाली असणार. "माझं कपडे लहान-मोठे करून द्यायचं दुकान आहे," ती म्हणाली, "शटर ओढून आलेय, एक वाजेपर्यंत जायला हवं." म्हणजे सातशे वर्षांचा वाद हिला एक वाजायच्या आत मिटवून हवा होता. मी खुर्चीत मागे रेलून बसलो. अशा वेळी मला बरं वाटतं. समोर अडाणी माणूस आला की माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. बायको म्हणते, तुम्ही पाहुण्यांशीसुद्धा परीक्षक असल्यासारखं बोलता. बायकोला काय कळतंय.

"तुम्हाला हा विषय कशाला हवा?" मी विचारलं. "परीक्षेला बसताय की काय?"

"नाही हो. भावाला घरात घ्यायचं की नाही ते ठरवायचंय."

मी हसलो असतो, पण ती हसत नव्हती. मग तिनं सगळं सांगितलं, कापडाचं माप सांगावं तसं, फाफटपसारा न लावता. आई अंथरुणाला खिळलेली. हिनं दुकान बघायचं, धाकट्या भावानं घर, असं ठरलेलं; त्याचं फिटरचं काम सुटलं होतं. एके दिवशी तो अर्ध्या तासात येतो म्हणून बाहेरून दार ओढून गेला आणि पत्ते खेळत सहा तास बसला. आई पाण्यासाठी उठायला गेली असेल. ही दुकानातून आली तेव्हा आई पलंगाखाली होती. ती दोन दिवस जगली. "त्याला पाच महिने झाले. जुन्या कामावरच्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतो आता. मामा म्हणतो, घे घरात. मावशी म्हणते, तोंड बघू नकोस त्याचं. तो रोज निरोप पाठवतो. मी एकदा गेले, समोर बसवलं, म्हटलं, बोल. तर म्हणाला, ताई, पाय आपोआप वळले. माझ्या हातात नव्हतं." तिनं गळ्यातली मोजपट्टी सारखी केली. "आमच्या वाचनालयातल्या बाईंना मी विचारलं, हातात असतं का नसतं, यावर कुठे काही लिहिलंय का? त्यांनी तुमचा शब्द काढून दिला."

तुमचा शब्द. बावीस वर्षांपूर्वी तो खरंच माझा शब्द होता. दुसऱ्या खंडाच्या यादीत माझ्या नावापुढे तो आला तेव्हा मी घरी बायकोला सांगितलं होतं, आता बघ. मला एका माणसाला धडा शिकवायचा होता. विद्यापीठात मला शिकवणारे मोठे सर, खिशात नेहमी दोन रुमाल, एक नाकाला आणि एक चष्म्याला. तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आता उजवा हात वर कराल का?" मी म्हटलं, "माझी इच्छा." आणि हात वर केला. सर बाकीच्या परीक्षकांकडे बघून हसत म्हणाले, "मी म्हटलं म्हणून केलात." मी हात खाली घेतला. "आणि मी हसलो म्हणून खाली घेतलात." तेव्हापासून त्या हाताचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. मी ठरवलं होतं की नोंद अशी लिहायची की म्हाताऱ्याचे दोन्ही रुमाल कमी पडतील. आणि लिहायची वेळ आली तेव्हा वाटलं, तो वाचेल. वाचेल आणि हसेल. टेबल होतं, दिवा होता, कोरे कागद होते, दीड वर्षाची मुदत होती. मी एकदाही बसलो नाही. मी शब्दकोडी सोडवली, खिडक्यांना रंग दिला, बायकोच्या मावसभावाच्या मुलाला गणित शिकवलं, आणि शेवटच्या आठवड्यात कागदावर लिहिलं, पाहा : नियतिवाद, खंड नववा. त्या एका ओळीनं मला अकरा वर्षं मिळाली. नववा खंड आला तोवर सर वारले होते. आता हसणारं कुणी नव्हतं, तरी मी बसलो नाही. का, ते मला सांगता येणार नाही. सांगता येईल, पण सांगणार नाही.

"हे बघा," मी म्हटलं, आणि इथे येण्याआधी मी शिकवायचो तेव्हा वर्गात लागायचा तो आवाज लागला. "हजार वर्षांपूर्वीचा एक वैद्य. तो म्हणतो, कल्पना करा, एक माणूस हवेत तरंगतोय. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, काही ऐकू येत नाही. तरीसुद्धा त्याला एक गोष्ट कळेल, की मी आहे. म्हणजे मन हे शरीराहून वेगळं."

"तरंगत होता तर बरंच आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ खुर्चीवर बसून होता. सहा तास."

पलीकडे बाईंच्या खणाचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी जरा पुढे सरकलो. तिला गाढव सांगितलं, दोन सारख्या गवताच्या ढिगांमध्ये उभं राहून, कुठला निवडावा ते न कळून उपाशी मरणारं. तिनं विचारलं, "मेलं? कुणी बघितलं?" मी म्हटलं, कुणी नाही, उदाहरण आहे. "मग ठीक आहे," ती म्हणाली, जणू तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिला भिंगं घासून पोट भरणाऱ्या एका एकलकोंड्या तत्त्वज्ञाचं सांगितलं. तो म्हणायचा, फेकलेल्या दगडाला वाटेत शुद्ध आली तर त्याला वाटेल, मी माझ्या मर्जीनं उडतोय. माणसाचं तसंच, स्वतःची इच्छा त्याला कळते, पण ती कशानं आली ते कळत नाही. हे सांगताना मला नेहमी एक थंड समाधान मिळतं. माझे वडील मला कधी मारायचे नाहीत, त्यांचा हात 'उठायचा'. मग संध्याकाळी ते पलंगावर बसून त्याच हाताकडे असे बघायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी इथे विसरून राहिलाय. मी पुढे या दगडाच्या गोष्टीपाशी आलो तेव्हा वडिलांना माफ करायचं ठरवलं, आणि मग लक्षात आलं, दगडाला माफ कसं करणार. त्याला नुसतं चुकवायचं असतं. मी त्यांना शेवटपर्यंत चुकवलं.

"दगडाला कुणी जाब विचारत नाही," ती म्हणाली. "तो माणूस आहे, त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय. अजून काय काय आहे?"

अजून काय आहे, म्हणे. भाजीच्या दुकानात आली होती जणू. मी तिला शेवटचा दाखला सांगितला, कारण तो मला सर्वांत जास्त आवडतो. एक माणूस झोपेत असताना त्याला उचलून एका खोलीत नेलं. जागा झाला तर समोर त्याचा जिवलग मित्र. गप्पा रंगल्या, तो आनंदानं बसून राहिला. दाराला मात्र बाहेरून कुलूप होतं, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. "आता सांगा," मी म्हटलं, "तो राहिला तो आपखुशीनं. पण जाता आलं असतं का? नाही. मग तो स्वतंत्र होता का?" इथे वर्गात नेहमी शांतता पसरायची. चांगली पोरंसुद्धा इथे फसायची.

तिनं मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्यानं दार ढकलून बघितलं होतं का?"

"नाही. त्याला जायचंच नव्हतं ना."

"मग कुलुपाचा काय संबंध? न ढकलता बसला, तेवढंच त्याचं. कुलूप लावणाऱ्याचं कुलूप लावणाऱ्यापाशी." मग ती पुढे वाकली. तिच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. पाच महिने ही बाई नीट झोपलेली नाही हे मला तेव्हा दिसलं आणि दिसल्याचा वैताग आला. "साहेब, मला तुमच्याएवढं नाही कळत. मला त्याच्याकडून एकच हवंय. त्यानं एकदा म्हणावं, ताई, मला उठता आलं असतं, मी उठलो नाही. बस. आज रात्री त्याचं अंथरूण घालीन. पण असं म्हणणारा माणूस असतो का? मी अजून एक बघितला नाही. आमच्याकडे शिवलेलं चुकलं तर कारागीर म्हणतो कापड सरकलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. म्हटलं, शिकलेल्या माणसांनी एवढी पुस्तकं लिहिलीत, त्यांना तरी ठाऊक असेल. कुणालाच जमत नसेल, तर मी त्या एकट्याच्या मागे का लागू?"

आठशे पानी ग्रंथ लिहिणाऱ्या एका सूक्ष्म बुद्धीच्या भिक्षूनं हेच म्हटलंय, की माणूस एक गोष्ट निवडत असतो त्याच क्षणी त्याच्यात दुसरी निवडायची ताकद शाबूत असते. नंतर नाही, आधी नाही, त्याच क्षणी. हे तिला सांगायला हवं होतं. माझ्या नोंदीचं ते शेवटचं वाक्य होणार होतं, बावीस वर्षं ते माझ्या डोक्यात तयार आहे. पण तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ही नोंद लिहायची कुणी होती?"

खण पुन्हा थांबला. बाईंची पाठ माझ्याकडे होती, रबरी टोपी घातलेलं बोट कार्डांच्या मधे तसंच होतं. मुख्य संपादकांच्या खोलीचं दार नेहमीप्रमाणे उघडं, आत डॉक्टर फोनवर कुणाला तरी जनावराचा डोस सांगत होते.

"मीच," मी म्हटलं.

"मग राहिली कशी?" तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. अशा माणसांची मला भीती वाटते, ती उत्तराची वाट बघतात.

किती सोपं होतं. लिहिता आलं असतं, लिहिलं नाही. हे मला माहीत होतं, खाली रस्त्यावरून मोटारी जातायत हे माहीत होतं तितकंच स्वच्छ. मला तो क्षणसुद्धा दिसला, दोन्ही बाजूंनी उघडा, आणि मी त्याच्यात उभा. तोंडात शब्द होते, त्यांची चव लागत होती. आणि मग मी माझा आवाज ऐकला. "असं आहे, बाई, एवढा मोठा कारभार. मुदती असतात, वरून दबाव असतो, छापखाना थांबत नाही. तपासणीचा विभाग वेगळा आहे. सगळं काही माझ्या हातात नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. सुटली बिचारी, असं एखाद्याच्या मरणावर म्हणतात, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर आलं. "अगदी त्याच्यासारखं बोललात," ती म्हणाली. "हातसुद्धा तसाच पुढे केलात." मी बघितलं तर खरंच माझा उजवा हात टेबलावर उताणा पडला होता. "बरं झालं मी आले ते. उगाच पाच महिने त्याला बाहेर ठेवलं. एवढं शिकून तुम्हाला जमत नाही, तर तो काय, दहावी नापास. येऊ दे त्याला घरी. काही म्हणायला नको त्यानं." तिनं पिशवी उचलली. जाताना माझ्याकडे बघून हसली, दुकानात कुणी म्हातारा पैजाम्याची नाडी घालून मागायला आला तर हसेल तशी. आयुष्यभर मी माणसांकडे वरून बघत आलो, वरून बघितलं जाणं कसं असतं ते मला तेव्हा कळलं. 

ती जिना उतरत होती तोच डॉक्टरांनी हाक मारली, मला नव्हे, बाईंना. बाईंनी बोटावरची टोपी काढली, पदर सारखा केला आणि गेल्या. दार लोटलं गेलं. माझ्या टेबलापासून ते दार पंधरा पावलांवर आहे. मी ते अंतर पूर्वी कधी मोजलं नव्हतं, आज मोजलं, बसल्या जागेवरून. आत बाई काय सांगतील ते उघड होतं. 'सरांनी सही करायला सांगितली.' सांगणारच. मी सांगितलं असतं. मी मनात उत्तर तयार केलं, की असं काही आठवत नाही. मग ते जास्त नेमकं केलं. मग त्याला पुरावा काय, हे जोडलं. पाच मिनिटं मी अशी कामात घालवली, इतकं सलग काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

बाई आल्या, बसल्या, टोपी बोटाला चढवली. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"लिहून मागितलं, दिलं लिहून."

"काय दिलं?"

"हेच, की कार्ड चुकलंय ते मला त्या दिवशी दिसत होतं. सही न करता थांबता आलं असतं, मी थांबले नाही."

"आणि माझं?"

बाई वळल्या. खरोखर नवल वाटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं तुम्ही सकाळीच लिहून दिलंत ना, सर? माझ्याकडून मी माझं दिलं."

मी उठून खिडकीशी गेलो. तिला गाठायला हवं होतं, सांगायला हवं होतं, की अहो, असतो, असं म्हणणारा माणूस असतो, मघाशी तुमच्या मागे आठ फुटांवर कार्डं चाळत होता, परत मागा भावाकडे ते वाक्य, ते मिळू शकतं. रस्त्याच्या टोकाला ती अजून दिसत होती, सिग्नलपाशी, पिशवी काखेत मारून. खिडकी उघडी होती. मला तिचं नाव पत्रावरून पाठ होतं. मी उभा राहिलो आणि मला बाईंचा राग आला. पुष्कळ माणसांना मी आयुष्यात तुच्छ लेखलं, पण कुणाचा असा राग कधी आला नव्हता. केवढं सहज म्हणाली ती बया, ओठसुद्धा न हलवल्यासारखं.

सिग्नल सुटला. मागे बाईंनी एक कोरं कार्ड काढून त्यावर तारीख घातली. "सर, डॉक्टर म्हणाले, ही नोंद आता पुरवणी खंडात घ्यायची," त्या म्हणाल्या. "मजकूर कोण देणार म्हणून लिहू?"

"बघतो," मी म्हटलं.